मागच्यानं बोल द्यायचा

मी एसटीत कंडक्टर होते आणि आमचे हे लष्करात ड्रायव्हर, हुद्द्यानं हवालदार. बायकांना कंडक्टर म्हणून घ्यायला लागले तेव्हाच्या पहिल्या काही जणींतली मी. निवृत्त होईपर्यंत माझी जागा मागं, घंटीच्या दोरीपाशी. ह्यांची जागा पुढं, स्टिअरिंगवर. एका चाकाखाली रस्ता आणि दुसऱ्या चाकाला लागून दरी, असल्या बर्फातल्या वाटांवर त्यांनी ट्रक चालवले. म्हातारपणी आम्ही दोघं एकाच गाडीवर आलो तेव्हा जागा बदलल्या. मी पुढं आणि हवालदार मागं. गाडी म्हणजे जोडसायकल. एका सांगाड्यावर दोन सीटा, दोन हँडलं आणि पायडलांच्या दोन जोड्या.

ह्याला कारण त्यांचे डोळे. काचबिंदूत नजर कडेकडेनं विझत येते आणि माणसाला बराच काळ पत्ता लागत नाही. हवालदार चष्म्याच्या नंबरावर खापर फोडत राहिले. एके दिवशी त्यांनी ट्रॅक्टर सरळ शेजाऱ्याच्या बांधावर चढवला, तेव्हा कुठं आम्ही दवाखाना गाठला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. थेंब झाले, ऑपरेशन झालं. तरी दोन वर्षांत त्यांना माणसांचे चेहरे दिसायचे बंद झाले आणि मग माणसंही. उजेड आणि काळोख एवढं उरलं.

आमचं घर कडेगावच्या बाजूला, चारी अंगांनी ऊस. हवालदार सकाळी पडवीत खुर्ची टाकून बसायचे ते जेवायला हाक मारेपर्यंत. काठी घेत नव्हते. कुणी हाताला धरलं की झिडकारायचे. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की, "हेचा गिअर चुकला," एवढंच पुटपुटायचे. आंधळेपणाचं मी मनाला समजावलं होतं. पण ते बसणं मला बघवत नव्हतं. खुर्चीतला माणूस रोज थोडा थोडा खुर्चीचाच होत चालला होता.

सायकल आणली ती पुतणीनं. ती पुण्यात नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की तिच्यासारख्या चार वेड्यांबरोबर जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर सायकल मारत हिंडते. त्या सायकलींना ग्रॅव्हल बाइक म्हणतात, खडी-मातीसाठी रुंद टायरांच्या. तिच्या ओळखीतलं कुणी जोडसायकल विकत होतं, ती हिनं काकांसाठी घेतली. रंग लष्करी ट्रकासारखा मातकट हिरवा असं तिनं सांगितलं, म्हणून हवालदारांनी तिला निदान हात लावला. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. मागच्या हँडलला पुतणीनं एक घंटी बसवून दिली होती.

"काका, थांबायचं असलं की एकदा वाजवा. निघायचं असलं की दोनदा. काकीला सवय हाय."

"मी काय कंडक्टर हाय व्हय?" हवालदार म्हणाले.

त्या घंटीला त्यांनी पुढं बरेच महिने हात लावला नाही.

पहिल्यांदा आम्ही गावातल्याच रस्त्यावर निघालो. हसायला सगळी गल्ली दारात उभी. मी शाळेला सायकलवर जात होते, त्यामुळं तोल माझ्या अंगात होता. पण मागं बसलेला गडी आयुष्यभर स्टिअरिंग धरलेला. मी डावीकडं वळवायला लागले की ते त्यांचं हँडल उजवीकडं ओढायचे. ते हँडल वळत नाही, नुसतं धरायला असतं, हे त्यांना पटत नव्हतं. त्यात गाळपाचा हंगाम. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत, गाणी लावलेला एक ट्रॅक्टर मागून आला आणि त्यानं अंगावर हॉर्न मारला. हवालदार चालत्या सायकलवरून खाली उतरायला गेले आणि थेट रस्त्याकडेच्या चारीत. गुडघे फुटले. घरापर्यंत ते चालतच आले. पुन्हा खुर्ची.

मग मी पुतणीला फोन लावला. म्हटलं, "जिथं एक बी गाडी नसंल आसा रस्ता सांग." तिनं नकाशा पाठवला. त्यावर बिनगाडीच्या वाटांच्या हिरव्या रेघा होत्या. मी नकाशा मोठा करून बघितला तर त्यातली एक रेघ माझ्या माहेराहून निघत होती.

माझं माहेर पाटणच्या खोऱ्यात, डोंगराच्या पायथ्याला. तिथून एक कच्चा रस्ता जंगलातून वर चढतो आणि कड्याजवळच्या एका वाडीवर जाऊन संपतो. लहानपणी करवंदांसाठी मी त्या रस्त्यानं कितीतरी वेळा गेले असेन. तेव्हाही त्यावर वाहन नव्हतं, आणि आता इतक्या वर्षांनी पुण्याच्या पोरी त्याच गोष्टीसाठी त्याला हिरवा रंग देत होत्या. सायकल भावाच्या पडवीत नेऊन ठेवली. दर शनिवारी आम्ही कराडला गाडी बदलून माहेरी जायचो आणि रविवारी सकाळी वाडीची वाट धरायचो.

रस्ता लाल मातीचा, मध्ये मध्ये जांभ्या दगडाची उघडी फरशी, वळणावर खडी वाहून आलेली. दोन्ही अंगांना जांभूळ, अंजन, हिरडा, ऐन. चढावर फांद्या एकमेकींत गेल्यामुळं रस्ता मांडवाखालून गेल्यासारखा. गाडी नाही, हॉर्न नाही. चाकाखाली खडी चरचरते आणि पाखरं बोलतात, बाकी आवाज आपल्याच श्वासाचा.

पण हवालदारांचं काही खरं नव्हतं. त्यांना पुढचं दिसत नाही, म्हणून मी सगळं सांगत जायची. तोंडाचा पट्टा चालूच. "आता बघा, पुढं डाव्या अंगाला एक मोठा दगूड हाय, त्येच्या पल्याड जरा खडी हाय, तवा मी आता उजवीकडनं..." तोवर चाक दगडावर चढून उतरलेलंसुद्धा असायचं. हवालदारांना एक तर काहीच ऐकू यायचं नाही किंवा सगळं ऐकून ते चिडायचे. कधी पाय मारायचे, कधी मारायचे नाहीत. मला मागं जिवंत माणूस आहे की पोतं, कळायचं नाही. दुसऱ्या रविवारी ते मध्येच उतरून म्हणाले, "तू जा. मी हितं बसतो." मी म्हटलं, हितं बसून काय करणार? "घरी तरी काय करत हुतो," ते म्हणाले.

ते असे रस्त्याकडेच्या दगडावर बसलेले आणि मी सायकल धरून उभी, तेवढ्यात वरून आवाज आले.

"मुळी!"

"मुळी."

"निसारडं!"

"निसारडं."

वळणावरून चार गडी उतरत आले. खांद्यावर एकच लांब बांबू, बांबूला घोंगड्याची झोळी, झोळीत एक म्हातारी. वाडीवर कुणी आजारी पडलं की खाली दवाखान्यात न्यायची ही एवढीच सोय. दोघं पुढं, दोघं मागं. पुढचा ओरडायचा आणि मागचा तोच शब्द शांतपणे परत म्हणायचा. आमच्यापाशी आल्यावर त्यांनी झोळी हलकेच टेकवली. मी म्हातारीला पाणी पाजलं. अंगात ताप होता, पण डोळे टकटकीत; तिनं आधी सायकलला आणि मग मला नीट न्याहाळून घेतलं.

हवालदार आवाजाच्या दिशेला तोंड करून म्हणाले, "मगाधरनं ऐकतोय. मागचा काय घोकंपट्टी करतोय व्हय?"

पुढचा गडी हसला. पन्नाशीचा, खांद्यावर बांबूचा घट्टा पडलेला. "आवं, मागच्याला झोळीच दिसती फकस्त. पुढचा सांगंल त्यो त्येचा रस्ता. आन् त्यानं परत म्हणलं की मला कळतंय, ऐकलंय गड्यानं."

"आन् न्हाई म्हणलं तर?"

"तर हलायचं न्हाई. मागच्यानं बोल दिल्याबिगर पुढच्यानं पाय टाकायचा न्हाई."

"आमच्यातबी आसंच," हवालदार म्हणाले. "आर्डर मिळाली की पयली परत बोलून दावायची. मगच काम."

कितीतरी महिन्यांनी त्यांनी परक्या माणसाशी एवढी वाक्यं बोललेली मी ऐकली. चौघांनी झोळी उचलली. हवालदार उठले आणि चाचपत सायकलच्या मागच्या सीटवर चढून बसले. आम्ही झोळीच्या मागोमाग, ब्रेक धरून, पायथ्यापर्यंत उतरलो. पुढं "दगूड", "दगूड" चाललं होतं आणि माझ्या पाठीशी हवालदार तिसऱ्यांदा तेच पुटपुटत होते.

त्यानंतर आमची भाषा तीच झाली. लांबलचक वाक्यं मी सोडून दिली. "दगड." "दगड." "खडी." "खडी." "चढ." चढ म्हटलं की तेही चढ म्हणायचे आणि मागून असा जोर यायचा की माझे पाय आपोआप फिरायचे. बोल आला नाही की मी थांबायची. पहिल्या दिवशी ते मुद्दाम दोनदा गप्प राहिले, मी थांबते का ते बघायला. दोन्ही वेळा मी थांबले. तिसऱ्यांदा त्यांनी खोडी काढली नाही. एकदा वळणावर खरोखरीचा गवा उभा होता, रस्ता अडवून. मी दबक्या आवाजात म्हटलं, "गवा." मागून बोल आला, "गवा?" आणि लगेच, "केवढा?" नियमात न बसणारा तेवढा एकच बोल. गवा बराच वेळ आमच्याकडं बघत राहिला, मग कारवीत घुसला. हवालदार दिवसभर खूश होते.

भांडण झालं ते फक्त एकदा. वाडीच्या अलीकडं एक उतार आहे, तिथं डाव्या हाताला जमीन एकदम संपते. खाली धरणाचं पाणी दिसतं, खोल आणि निळं. ते घाबरतील म्हणून मी तिथं "सपाट" म्हणाले. त्यांनी बोल दिला, पण दहा हात गेल्यावर म्हणाले, "थांब." उतरले. तोंड डावीकडं करून उभे राहिले. खालून येणारा वारा त्यांच्या सदऱ्यात भरत होता.

"ही दरी हाय."

"हाय," मी म्हटलं.

"मग सपाट का म्हणालीस? मी काय आयुष्यात दरी बघितली न्हाई?" त्यांचा आवाज चढला होता. "अगं, मला तू म्हणशील त्योच रस्ता हाय आता. त्यातबी खोटं घातलंस तर मी कशावर बसू? दरी हाय तर दरी म्हण."

वाडीपर्यंत ते सायकलला हात लावून चालत आले. त्यानंतर त्या उतारावर मी नेहमी "दरी" म्हणायची, आणि ते "दरी" म्हणून ताठ बसायचे.

त्या हिवाळ्यात मी त्यांना हसताना ऐकलं. समोरून बघायला मिळत नव्हतं, मागून ऐकू यायचं. घरी आल्यावर ते खुर्चीत बसायचे खरे, पण बुधवारपासून टायरात हवा किती ठेवायची ह्यावर बोलायला लागायचे. आणि मग एका रविवारी फांद्यांच्या मांडवाखालून जाताना ते मागून आपणहून बोलायला लागले.

"सावली... ऊन... सावली... ऊन."

मी वळून बघितलं. तोंड वर करून बसले होते. चालत्या पंख्याच्या पात्यांमागनं दिवा दिसावा तसं त्यांना दिसत होतं. काळं, पांढरं, काळं, पांढरं. घरात उजेड एका जागी असतो, तो त्यांना असून नसल्यासारखा. इथं तो हलत होता, म्हणून दिसत होता. मी मुद्दाम वेग कमी केला. पट्टा संपल्यावर ते म्हणाले, "परत फिरव." आम्ही तो पट्टा पुन्हा खालपासून चढलो.

त्या दिवशी वाडीच्या पारावर बसून डबा खाताना त्यांनी मला सांगितलं, "हे दिसतंय तवर मी येणार. ज्या दिवशी हे बी गेलं त्या दिवशी सायकल इकायची. टपावरचं गठुडं हुन मी मागं बसणार न्हाई."

मी डबा आवरायला घेतला. पण तेव्हापासून प्रत्येक रविवारी त्या पट्ट्यात शिरताना मी मागं कान लावून असायची. "सावली" असा आवाज आला की जीव भांड्यात पडायचा. मला दुसरं काही नको होतं. देवळात गेले तरी मी तेवढंच मागत होते.

उन्हाळ्यात एकदा बघते तर झाडांच्या बुंध्यांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे आणि आकडे. रस्त्याच्या कडेनं फक्कीच्या खुणा. वाडीवर गेलो तर तो झोळीचा पुढचा गडी आम्हाला घरी घेऊन गेला. झोळीतून गेलेली म्हातारी त्याची आई. ती बरी होऊन परत आली होती आणि चुलीपाशी बसून कोरा चहा करत होती. त्या दोघांनी बातमी सांगितली: रस्ता मंजूर झाला. डांबर पडणार. पावसाच्या आधी निम्मा, दिवाळीपर्यंत पुरा.

"झाडं?" हवालदारांनी विचारलं.

"रुंदी वाढवली तर जातील की. आकडं टाकल्याती. पर अजून नक्की न्हाई." गडी सहज बोलला. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाला, "आवं, माजा चुलता या रस्त्यात गेला. झोळीतच. आमी बोल देत हुतो आन् त्यो मधल्यामधी गेला. खाली उतरल्यावर कळलं."

म्हातारी चहा गाळताना म्हणाली, "आता म्या गाडीतनं जाणार. आन् म्होरल्या शीटवर बसून जाणार. झोळीत आभाळाबिगर काय दिसत न्हाई."

सगळे हसले. मीही हसले. पण मला राग आला होता, हे खरं. ह्या जगात एक रस्ता आम्हाला मिळाला होता, आणि तोही जाणार. परत उतरताना माझ्या मनात हेच. मग त्या चुलत्याची आठवण झाली आणि माझ्या रागाची मला लाज वाटली, पण राग काही गेला नाही. ज्याला मी शांत रस्ता म्हणत होते, तो शांत होता कारण त्या लोकांकडं कुणी गाडी पोचू दिली नव्हती. हवालदार त्या दिवशी नुसते बोल देत होते. पायथ्याला आल्यावर म्हणाले, "त्येंचा रस्ता हाय. हू दे."

पाऊस लागला आणि आमचं जाणं थांबलं. त्या खोऱ्यात पावसाचे चार महिने डोंगर ढगातच असतो, ओढे रस्ता कापतात. इकडं कडेगावाकडं पाऊस बेताचा, पण आभाळ तेवढंच भरलेलं. हवालदार पुन्हा खुर्चीत. मी त्यांना विचारायची, "खिडकी दिसती का?" ते म्हणायचे, "दिसती की. पर ह्या आभाळात उजेडच कुठं हाय." मला ते पटायचं. पटवून घ्यायचं होतं. एकदा श्रावणात ऊन पडलं तेव्हा ते हात पुढं करून बसले होते, तळहात वर. "ऊन पडलंय न्हवं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि भाकऱ्या थापायला आत गेले. त्यांनी हातानं ऊन बघितलं, डोळ्यांनी नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं तसं मी ते बाजूला ठेवलं.

दिवाळी झाल्यावर पहिल्या रविवारी आम्ही सायकल बाहेर काढली. भावानं चेनला तेल घालून ठेवलं होतं. गाव संपलं, चढ सुरू झाला, आणि चाकाखालचा चरचर आवाज एकदम बंद झाला.

"डांबर," हवालदार म्हणाले. ह्या वेळी सांगितलं त्यांनी.

"डांबर," मी बोल दिला.

रस्ता काळाभोर, गुळगुळीत. सांगायला काहीच उरलं नव्हतं. दगड नाही, खडी नाही, मुळी नाही. "वळण", "वळण", आणि मग बराच वेळ काही नाही. एवढ्या महिन्यांत मला जी शांतता हवीहवीशी वाटायची, ती आता खायला उठली. मी उगाचच "चढ" म्हटलं. त्यांनी "चढ" म्हटलं.

वरून हॉर्न आला. एक जीप उतरत होती. "गाडी," मी म्हटलं, पण मागून बोल यायच्या आत सायकल हादरली. त्यांनी अंग आखडून घेतलं होतं. मी कडेला घेऊन थांबले. जीप हळू झाली. ड्रायव्हरच्या शेजारी, पुढच्या सीटवर, नवं लुगडं नेसून म्हातारी बसली होती. दोन्ही हात डॅशबोर्डवर. तिनं आम्हाला ओळखलं आणि काचेतून असा हात केला, जसा आमदार करतात. जीप गेली. मी हवालदारांना सांगितलं. "म्होरल्या शीटवर?" त्यांनी विचारलं, आणि हसले. आम्ही पुन्हा निघालो.

मग तो पट्टा आला.

मी लांबूनच बघितलं. रुंदी वाढवलीच नव्हती. होता तेवढ्याच रस्त्यावर डांबर टाकून लोक गेले होते. बुंध्यांवरचे पांढरे पट्टे पावसानं निम्मे धुऊन गेले होते, आणि जांभूळ, अंजन, हिरडा सगळे जिथल्या तिथं. फांद्या तशाच एकमेकींत. सकाळचं ऊन लख्ख पडलेलं. काळ्या डांबरावर कवडसे इतके उठून दिसत होते, मातीवर कधीच दिसले नव्हते. मला वाटलं, बरं झालं, आता ह्यांना आणखी चांगलं दिसेल. मी वेग कमी केला आणि वाट बघत राहिले.

माझ्या हातांवरून ऊन गेलं, सावली गेली, पुन्हा ऊन गेलं. मागं पायडलं फिरत होती. मी वळून बघितलं. तोंड वर केलेलं होतं, तसंच, गेल्या साली होतं तसं. डोळे उघडे. त्यांच्या चेहऱ्यावरून कवडसे सरकत होते.

निम्मा पट्टा गेल्यावर ते म्हणाले, "झाडं तोडली वाटतं गं सगळी."

त्यांच्या आवाजात आशा होती. ती मला अजून ऐकू येते. झाडं तोडली असू देत, एवढंच त्या माणसाला माझ्याकडून हवं होतं. आणि माझ्याकडं ते द्यायला एक शब्द होता. "व्हय" म्हटलं की झालं. तिथं खरं-खोटं करायला कुणी नव्हतं. रस्ता करणाऱ्यांना आम्ही दोघांनी मिळून शिव्या दिल्या असत्या, आणि पुढच्या रविवारी ते पुन्हा आले असते, आणि त्याच्या पुढच्या. सायकल विकायचा विषय निघाला नसता. मी तोंड उघडलंही होतं.

पण त्यांच्याकडं मी म्हणेन तोच रस्ता होता.

"न्हाई," मी म्हटलं. "झाडं हायत."

मागून बोल आला नाही.

मी ब्रेक दाबले. सायकल थांबली. दोघांचेही पाय डांबरावर टेकलेले. मी मागं वळून बघितलं नाही, बघवलं नसतं. वर शेकरू फांद्या हलवत ह्या झाडावरून त्या झाडावर गेलं, आणि आमच्या अंगावर चार सुकी पानं पडली. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. खाली दरीत कुठंतरी ती जीप अजून वळणं उतरत होती.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "हायत."

"दगड" म्हणायचे त्याच आवाजात. ऐकलं, कळलं, एवढंच सांगणारा.

बोल आला म्हणजे पुढच्यानं पाय टाकायचा. पण माझा पाय उचलेना. पारावर ते काय म्हणाले होते ते मला आठवत होतं, त्यांनाही आठवत असणारच. आता ते उतरतील, मी सायकल हातात धरीन, ते तिला हात लावून खाली चालत येतील, आणि उद्यापासून खुर्ची. डोळ्यांतल्या पाण्यानं मलाही पुढचा रस्ता दिसत नव्हता. मी त्यांच्या उतरण्याची वाट बघत तशीच उभी राहिले.

मागं हँडलवर त्यांचा हात चाचपडल्याचा आवाज आला.

मग घंटी वाजली. एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा.

आयुष्यभर मी घंटी दिली आणि दुसऱ्या कुणीतरी गाडी हलवली. मी पदरानं डोळे पुसले, "चढ" म्हटलं, आणि मागून "चढ" आल्यावर पायडल मारलं.